तेरा ते अठरा आणि आमच्या विहीणबाई

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि आमच्या विहीणबाईंइतकं हट्टी माणूस पुण्यात दुसरं नाही, हे माझं मत त्याच वर्षी पक्कं झालं. पुण्यात हे म्हणणं सोपं नाही, इथे घरटी एक तरी हट्टी माणूस असतो. मी स्वतः काही मऊ नाही. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर चाळीस वर्षं मी तोलाई केली. काट्यावरून एकदा आकडा सांगितला की अडत्या ओरडो नाहीतर शेतकरी हात जोडो, आकडा बदलत नसे. घरातही माझ्या शब्दापुढे कुणी जात नाही. पण माझ्या मुलाची सासू, म्हणजे आमच्या विहीणबाई, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, उंचीने माझ्या खांद्याला लागणाऱ्या, वजनाने फार तर बेचाळीस किलो. त्यांनी मला जे करायला लावलं ते माझ्या बापाला जमलं नाही आणि मास्तरांच्या छडीलाही जमलं नाही. त्यांना जाऊन आता आठ महिने झाले. मी चौथी शिकलेला माणूस. हे मी लिहितोय, शुद्धलेखन सुनेने पाहिलंय, बाकी बरंवाईट जे आहे ते माझं आहे.

विहीणबाईंच्या लेखी जगात तीनच प्रकारची माणसं होती. तेराच्या आतली, तेरा ते अठरा, आणि उरलेली. उरलेल्यांत मी, माझा मुलगा, नगरसेवक, डॉक्टर असे सगळे आलो. आमच्याशी त्या सभ्यपणे बोलत, पण त्यांचं लक्ष नसे, जसं आपण रिक्षा मिळेपर्यंत शेजारच्याशी बोलतो तसं. तेरा ते अठरातलं पोर दिसलं की मात्र बाई जाग्या होत. टेलिफोनच्या हापिसात त्यांनी नोकरी केली, पन्नाशीतच निवृत्ती घेतली आणि तेव्हापासून एकच काम त्यांनी अंगावर घेतलं. या वयाच्या पोरांसाठी मराठीत काय नवं छापून आलंय ते शोधायचं, स्वतः वाचायचं आणि बरं असेल ते पोरांच्या हातात कोंबायचं. पगार नाही, मान नाही, कुणी सांगितलेलं नाही. एकदा आम्ही दोघं कात्रजच्या बसची वाट बघत उभे होतो. शेजारी एक उंच पोरगा कानात ते पांढरं काहीतरी अडकवून डुलत होता. विहीणबाईंनी त्याच्या दंडाला हात लावला.

"वय काय रे तुझं?"

तो दचकला. "सोळा."

"शेवटचं पुस्तक कधी वाचलंस?"

"दहावीचं?"

"ते पुस्तक नाही, ती शिक्षा." त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. "घे. दोन भाऊ आणि घरात मोबाइल एकच, त्यांची गोष्ट आहे. चाळीस पानांत आवडलं नाही तर सोडून दे. पण का आवडलं नाही ते मला येऊन सांग."

"काकू, किती द्यायचे याचे?"

"काही द्यायचं नाही. परत यायचं."

मग वाचनालयाचा पत्ता, वेळ, कुठल्या गल्लीतून वळायचं, हे सगळं सांगेपर्यंत बस आली. पोरगा चढला आणि गेला. आम्ही राहिलो. मी म्हटलं, "विहीणबाई, आपल्याला जायचं होतं." त्या म्हणाल्या, "आपल्याला काय, आपण उरलेले. पुढच्या बसने जाऊ."

सगळी पोरं त्यांना काकू म्हणत. आजी म्हटलेलं त्यांना चालत नसे. आजी म्हणणाऱ्या पोराला जरा जाडं पुस्तक मिळे.

त्यांची माझी पहिली खडाखडी माझ्या मुलाच्या लग्नातच झाली. मुलीकडच्यांनी रुखवत मांडायचं असतं, म्हणजे पाच प्रकारचे लाडू, चिरोटे, साखरेचा बंगला, लोकरीचा ससा, असं काहीबाही. आमच्या बायकोने चार बायकांना मुद्दाम बघायला आणलं. तर टेबलावर पुस्तकं. बावीस पुस्तकं, मधे एक समई. आमचे मेव्हणे चष्मा लावून वाकले आणि म्हणाले, "दाजी, हे खायचं कसं?" बायकोचा चेहरा उतरला. मी तिथल्या तिथे विहीणबाईंना गाठलं आणि म्हटलं, "हा आमचा मान झाला का?" त्या म्हणाल्या, "व्याहीबुवा, लाडू उद्या संपतील. ही पुस्तकं तुमच्या नातवंडांना तेरा ते अठरात लागतील." अजून वरमाला पडली नव्हती आणि यांनी नातवंडांची पुस्तकं मांडली होती! मी वर्षभर त्यांच्याकडे पाणी प्यायलो नाही. त्यांना ते कळलंच नाही, याचा मला जास्त राग आला.

सहकारनगरला त्यांच्या घराजवळ एका सोसायटीच्या तळमजल्यावर एक लहानसं वाचनालय आहे. तिथलं दाराजवळचं एक कपाट त्यांचं. त्यावर 'तेरा ते अठरा' अशी पाटी, आणि दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी शेजारच्या फळ्यावर आठ नव्या पुस्तकांची यादी. आठच. सात नाही, नऊ नाही. प्रत्येक पुस्तकात त्यांच्या हातची एक चिठ्ठी: हे कुणी वाचावं, कुणी वाचू नये, कुठे रडू येईल आणि शेवट कसा आहे. शेवट सांगितला तर पोरं वाचतील कशाला, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "ज्याच्या घरात आधीच काही वाईट चाललंय त्याला आत काय आहे ते सांगायलाच पाहिजे. बाकीचे चिठ्ठी न बघता वाचतात." वाचनालयाच्या कमिटीला ते कपाट थोरांच्या चरित्रांसाठी पाहिजे होतं. कमिटीचे अध्यक्ष दर दिवाळीला म्हणायचे, "काकू, मुलांना थोरांची ओळख नको का?" विहीणबाई म्हणायच्या, "त्या पुस्तकांत थोर माणसं चौदाव्या वर्षीसुद्धा थोरच असतात हो. आमच्या मुलांना चौदाव्या वर्षी पुरळ येतं." अध्यक्ष हसून निघून जायचे, पण विसरायचे नाहीत.

आणि त्यांचा एक नियम होता. स्वतः शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय एकही पुस्तक पोराच्या हातात द्यायचं नाही. कुणी चांगलं म्हणालं, पेपरात छापून आलं, लेखक स्वतः घरी आला, तरी नाही. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात त्या उभ्या उभ्या अख्खं पुस्तक वाचून काढत. पहिल्या वर्षी दुकानदाराने तोंड वाकडं केलं, दुसऱ्या वर्षी स्टूल दिलं, तिसऱ्या वर्षी गिऱ्हाईक आलं की तो म्हणायला लागला, "थांबा जरा, बाईंचं शेवटचं प्रकरण चाललंय, मग सांगतो घ्यायचं की नाही." वीस वर्षांत त्यांची शिफारस खोटी ठरल्याचं मी ऐकलं नाही. मला माणसाची किंमत त्याच्या शब्दावरून करायची सवय आहे, आणि त्या बाबतीत ही बाई माझ्या काट्यासारखी होती, हे मी मनातल्या मनात कबूल केलं होतं. त्यांच्यासमोर केलं नाही.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. डोळ्याच्या पडद्याचा काहीतरी आजार, मधला भाग आधी काळा होतो आणि कडेचं दिसत राहतं. म्हणजे भिंत दिसायची, भिंतीवरचं घड्याळ नाही. माणूस दिसायचा, चेहरा नाही. अक्षर तर गेलंच. आमच्या सुनेने, म्हणजे त्यांच्या लेकीने, पुस्तक बोलून दाखवणारं यंत्र आणून दिलं. दोन दिवस ऐकून त्यांनी ते परत केलं. "यात भांडणही त्याच आवाजात आणि प्रेमही त्याच आवाजात. मला स्टेशनवर बसल्यासारखं वाटतं." सून स्वतः वाचायला बसली तर हिंजवडीहून आठला थकून आलेली, तीन पानांत डुलक्या. आमच्या नातीने वाचून दाखवलं तर ती मधेच स्वतःच हसायची आणि का हसली ते सांगायची नाही. त्या वर्षी दिवाळीला दोन महिने राहिले होते, फळा कोरा होता आणि अध्यक्ष कपाट मोजून गेले होते. टेपने मोजून गेले.

एका रविवारी विहीणबाई आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. मी सकाळचा पेपर उघडून गॅलरीत बसलो होतो, जसा रोज बसतो. त्या म्हणाल्या, "व्याहीबुवा, तुम्ही रोज तासभर पेपर वाचता ना हो?"

आता हे मला सांगायला पाहिजे. पेपरातले मी फोटो बघतो, बाजारभावाचे आकडे बघतो, मोठे मथळे अंदाजाने लावतो आणि मग पान उलटतो. पोत्यावरची नावं, पावतीवरची नावं, आकडे, यात मला कुणी फसवलं नाही. पण ओळीने वाचायचं म्हटलं की माझी गाडी जोडाक्षराला अडते. हे माझ्या मुलाला माहीत नव्हतं, सुनेला माहीत नव्हतं. बायकोला माहीत होतं, ती गेली. मी म्हणालो, "वाचतो की."

"मग रोज सकाळी या. साडेसातला. मला आठ पुस्तकं वाचायची आहेत."

नाही म्हणायला कारण पाहिजे, आणि खरं कारण मला सांगायचं नव्हतं. म्हणून मी हो म्हणालो. असा मी अडकलो.

पहिलं पुस्तक मी त्यांच्याकडून आधीच मागून घेतलं आणि त्याची पहिली पाच पानं आदल्या दुपारी गच्चीवर बसून घोकून गेलो. विहीणबाई डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून ऐकत बसल्या. पाच पानं झाली. मी पुस्तक मिटलं. त्या म्हणाल्या, "थांबलात का? रोज तीस पानं तरी व्हायला पाहिजेत." तेव्हा मी काय केलं ते सांगतो. चाळीस वर्षं मी पोतं काट्यावर चढायच्या आधी नुसतं बघून त्याचं वजन सांगत आलो. तसंच मी पान बघायला लागलो. तुटक तुटक ओळी दिसल्या की समजायचं, दोघं बोलतायत. ओळी फारच तुटक असल्या की भांडण. पान गच्च भरलेलं असलं की कुणाला तरी काहीतरी आठवतंय. नावं मला वाचता यायची, सोपे शब्द यायचे. आई, पाणी, शाळा, पळाला, रडली. त्यांच्यामधली जागा मी भरायचो. बाजारात माणसं बघितलीत, त्यामुळे भरताना अडलं नाही. भांडणं तर मी फार चांगली सांगितली.

विहीणबाई खूश. "तुम्ही घाई करत नाही. शब्दाला वजन देता," असं म्हणाल्या. मला ते आवडलं, हेही लिहून ठेवतो. रोज मला मानाचा चहा, कपबशीतला, आणि दोन खारी. एका पुस्तकात एक मुलगी पाण्याचा टँकर चालवायला शिकते, दुसऱ्यात एक तोतरा मुलगा ढोल पथकात जातो, अशी एकेक पुस्तकं होत गेली. एकदाच त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "या नव्या लेखकांना कांद्याची बरीच माहिती दिसते हो." मी म्हटलं, "हल्ली सगळे अभ्यास करून लिहितात." आणि दुसऱ्या दिवसापासून कांदा कमी केला.

आठवं पुस्तक एका मुलीचं आणि तिच्या आजीचं होतं. ते बरंचसं मला खरंच वाचता आलं, सोपं लिहिलेलं होतं, शिवाय दोन महिने अक्षरांशी झोंबून माझा हातही जरा बसला होता. शेवटी आजी दवाखान्यात असते. ते प्रकरण वाचताना विहीणबाई पुढे सरकून बसल्या होत्या, बंद डोळ्यांनी, तोंडावर थोडंसं हसू. मी पान उलटलं. समोर ओळ होती, आजी पहाटे गेली. त्यात एकही जोडाक्षर नव्हतं. मी ती ओळ एका नजरेत वाचली. माझी बायको पहाटेच गेली होती, मी खाली चहा आणायला गेलो तेव्हा. मी पुस्तकाकडे बघत मोठ्याने म्हणालो, "आणि सकाळी डॉक्टर म्हणाले, घेऊन जा घरी." मग रिक्षा सांगितली, जिना सांगितला, शेजारणीने ओवाळलं ते सांगितलं. विहीणबाईंनी सुस्कारा सोडला. "बरं झालं. हल्ली कुणी घरी आणत नाही हो माणसाला." त्यांनी आमच्या सुनेकडून चिठ्ठी लिहून घेतली: घरातलं कुणी आजारी असेल तर जरूर वाचा, यातली आजी घरी येते.

यादी फळ्यावर लागली. अध्यक्ष टेप घेऊन परत गेले. दिवाळी झाली आणि महिन्याभराने नववीतली एक मुलगी वाचनालयात आली, केस बारीक कापलेले, पाठीवर सॅक. मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो. ती म्हणाली, "काकू, माझी आजी ॲडमिट आहे, तीन वीक झाले. संध्याकाळी मीच असते तिच्याजवळ. तिला वाचून दाखवता येईल असं काही आहे का? सॅड नको." विहीणबाईंनी चाचपत आठवं पुस्तक काढलं. "हे घे. यातली आजी घरी येते." मला बोलायचं होतं. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण बोलायचं म्हणजे काय बोलायचं, की मी वाचलं आणि खोटं सांगितलं? की मला वाचता येत नाही? मी चप्पल शोधायच्या निमित्ताने खाली वाकलो. वर बघितलं तर मुलगी गेली होती.

दहा-बारा दिवसांनी ती आली. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं, आपटलं नाही, नीट ठेवलं.

"काकू, डोन्ट माइंड, पण तुम्ही हे पूर्ण वाचलं होतं का?"

"म्हणजे काय गं? शेवटपर्यंत."

"यात आजी मरते."

विहीणबाई हसल्या. "दुसरं कुठलं तरी पुस्तक असेल तुझ्या डोक्यात."

"हेच. मी आजीला मोठ्याने वाचत होते. पान उलटलं आणि ते आलं. ती विचारत होती, पुढे काय झालं, पुढे काय झालं. मी सांगितलं, घरी आली म्हणून." तिने सॅकचा पट्टा ओढून घेतला. "मी कधी तिच्याशी खोटं बोलले नव्हते. आता ती रोज विचारते, त्या आजी घरी आल्या, मग मला कधी नेणार. काय सांगू मी तिला?"

विहीणबाईंनी माझ्या दिशेने मान वळवली. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, हे माझं नशीब की दुर्दैव, अजून ठरवता आलेलं नाही.

"व्याहीबुवा, आपण वाचलं ना हे? आजी घरी आली ना?"

बहात्तर वर्षांत मी कुणाला वाकलो नव्हतो, त्याची किंमत त्या क्षणी दुसऱ्या कुणी तरी दिली. मी म्हणालो, "काय की. आता आठवत नाही."

त्यांनी चाचपत हात पुढे केला. मग मुलीचा हात धरून म्हणाल्या, "माझी चूक झाली गं. माफ कर मला." वीस वर्षांत तेरा ते अठरातल्या कुणाची त्यांनी माफी मागितली नव्हती. मुलगी गेल्यावर त्या पुस्तकावर हात ठेवून बसल्या. "रिक्षा होती," त्या हळू म्हणाल्या. "जिना होता. शेजारीण ओवाळते. मला सगळं आठवतंय आणि ते पुस्तकात नाही." मग म्हणाल्या, "आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं. न घडलेलं आठवायचं. डोळे गेले त्याचं मला काही नाही व्याहीबुवा, पण हे गेलं तर मी कुणाला काय सांगू?"

चाळीस वर्षं काट्यावरचा आकडा न बदलणाऱ्या माणसाने तेव्हाही तोंड उघडलं नाही, म्हणजे मी.

त्यांनी माझ्याच हाताने आठही पुस्तकांतल्या चिठ्ठ्या काढवल्या. फळा माझ्याच हाताने पुसवला. आठ पुस्तकं पिशवीत घालून मी त्यांच्या घरी पोचवली आणि त्यांनी अध्यक्षांना फोन लावला, कपाट घ्या म्हणून. अध्यक्ष, वीस वर्षं ज्यांना ते कपाट पाहिजे होतं, ते म्हणाले, "काकू, असं नका करू हो." हे मी शेजारी बसून ऐकलं. त्यांनाही वाईट वाटलं आणि मी खरं लपवून बसलो, म्हणजे मी त्यांच्याही खाली.

संध्याकाळी मुलगा घरी आला तो सुनेशिवाय. ती आईकडे राहिली होती. त्याने ताट घेतलं आणि म्हणाला, "बाबा, उद्या अकराला आईंना मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. त्यांना घडलेलं न घडलेलं कळत नाहीये म्हणतात. तुम्ही रोज जात होता, तुम्हाला काही जाणवलं का?" मी भात कालवत राहिलो. "फोनवर ही रडत होती," तो म्हणाला. "म्हणे, आई सारखं विचारतेय, मी आणखी काय काय चुकीचं सांगितलं मुलांना." मी ताटावरून उठलो. त्याला वाटलं, माझी तब्येत ठीक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी त्यांच्या दारात उभा होतो. सुनेने दार उघडलं, डोळे सुजलेले, हातात दवाखान्याची फाइल. विहीणबाई नेहमीच्या खुर्चीत, पण नेसून तयार, पर्स मांडीवर. "व्याहीबुवा? आता वाचायचं काही राहिलं नाही हो." कोपऱ्यात ठेवलेल्या कालच्या पिशवीतून मी ते आठवं पुस्तक काढलं, शेवटचं प्रकरण उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागलो. खरं वाचायला. एक शब्द, मग थांबायचं, मग पुढचा. बालवाडीतलं पोर वाचतं तसं. सून दारातच उभी राहिली. तिसऱ्या ओळीला मी अडकलो. मी म्हटलं, "इथे एक अक्षर आहे, मला येत नाही. अर्धा स आहे, त्याला खाली काहीतरी जोडलंय." विहीणबाईंची मान सावकाश माझ्याकडे वळली. मग म्हणाल्या, "आधीचा शब्द काय आहे?" मी सांगितला. त्यांनी पुढचा सांगितला. असं दीड पान वाचायला आम्हाला पाऊण तास लागला. मग ती ओळ आली. आजी पहाटे गेली. ती मी न थांबता वाचली.

"पुढे?" त्या म्हणाल्या.

"पुढे मुलगी चहाचे दोन कप आणते, तिथे संपतं. रिक्षा नाही. जिना नाही. ते सगळं माझं होतं. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही."

सुनेच्या हातातली फाइल हळूच टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. विहीणबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. रागाने की कशाने ते मला कळलं नाही, आणि पुढेही मी कधी विचारलं नाही. मग त्या म्हणाल्या, "आणि बाकीची सात?"

"थोडं त्यांचं," मी म्हणालो. "बरंच माझं."

त्या लेकीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरांना फोन कर, येत नाही म्हणावं." मला त्या माफ केलं म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत, चहाही सांगितला नाही. मी पिशवीतून टँकरवाल्या मुलीचं पुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. त्यांनी थांबा म्हटलं नाही.